अकरा पाकिटं

मागचं दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं होतं. नेव्हिल थर्टलने बूट उंबऱ्याबाहेर काढले, "हेझेल, आलो गं मी," एवढं म्हणेपर्यंत तो स्वयंपाकघरात पोचला, आणि तिथंच थबकला.

सिंकमध्ये भांडी घासायचं निळं घमेलं होतं. घमेलं भरून नाणी होती. आणि ती लखलखत होती.

नुसती स्वच्छ नव्हे, लखलखत. रोमन काळातलं तांब्याचं नाणं सतराशे वर्षांनी मातीतून वर येतं तेव्हा ते गर्द हिरवं असतं, गुळगुळीत असतं, आणि त्या हिरव्या सालीवरच राजाचं नाक, कपाळ, नाव सगळं टिकून असतं. ती साल गेली की संपलं. घमेल्यातली नाणी तांब्याच्या नव्या नळीसारखी तांबूस झाली होती. राजा नाही, अक्षर नाही, नुसत्या चकत्या. खाली जमिनीवर बादलीत व्हिनेगर, त्यात बुडबुडे सोडत पडलेला आणखी एक ढीग. ओट्यावर तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर. खिडकीपाशी वर्तमानपत्रावर चांदीची नाणी पापडासारखी वाळत घातलेली.

हेझेल लार्टर कोपरापर्यंत पिवळे रबरी हातमोजे घालून घासत होती.

"बस," ती मागे न बघता म्हणाली. "चहा किटलीत आहे. स्वतः ओतून घे, माझे हात ओले आहेत."

नेव्हिल बसला नाही.

आता ज्यांना या छंदाची बाधा झालेली नाही त्यांना वाटेल, एवढं काय झालं? बाईनं नाणी घासली. अहो, पण इंग्लंडात, नॉर्फकमधल्या आमच्या या भागात दर दहा घरांत एक तरी माणूस असा असतो, जो रविवारी जमिनीतला धातू हुडकणारं यंत्र खांद्याला लावून दुसऱ्याच्या शेतात फिरतो, आणि त्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट कोणती शिकवतात? नाणं घासायचं नाही. बोटानं चोळायचंसुद्धा नाही. ही माणसं रोजची बिअर सोडतील, कानांवर हेडफोन लावून बायकोचं बोलणं सोडतील, पण नाणं घासायची नाहीत.

आणि हेझेलचा नवरा डेनिस लार्टर तर त्यांच्यातला महंत! तीन आठवड्यांपूर्वी तो गेला. त्याआधी चाळीस वर्षं त्यानं आसपासची शेतं पालथी घातली. साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होता तो. बीट भरलेला ट्रक आला की नंबर, वजन, तास, मिनिट लिहायचं, हे आयुष्यभर केलेलं. तीच सवय त्यानं शेतात नेली. नाणं सापडलं की मजुरीचे पैसे घालून देतात तसल्या छोट्या तपकिरी पाकिटात ते घालायचं आणि तिथंच, चिखलात उभं राहून, पेन्सिलीनं लिहायचं. शेताचं नाव. बांधापासून किती पावलं. किती इंच खोल. तारीख, तास, मिनिट. वही वगैरे काही नाही. तो म्हणायचा, "वही हरवते लेका, पाकीट नाण्याला सोडून जात नाही." अशी साडेअकराशे पाकिटं बुटांच्या खोक्यांत लावलेली होती. कुठल्या शेताखाली रोमन वस्ती होती, कुठं बाजार भरायचा, कुठून जुना रस्ता जायचा, ते सगळं त्या पेन्सिलीच्या अक्षरांत होतं. आज अकरा वाजता जिल्ह्याच्या पुरातन वस्तूंच्या नोंदणी कचेरीतली मिस प्रॉक्टर ते सगळं घ्यायला येणार होती. खोकी गाडीत चढवायला म्हणून नेव्हिल, डेनिसचा शेतातला जुना सोबती, दहालाच हजर झाला होता.

"हेझेल," तो शेवटी म्हणाला. आवाज शक्य तेवढा मऊ ठेवला त्यानं. त्याला वाटलं, बिचारी. दुःखात माणसाला काही सुचत नाही. नवऱ्याची वस्तू परक्या माणसाच्या हाती जाणार, तर ती नीटनेटकी असावी असं वाटलं असेल. "हेझेल, अगं... पाकिटं कुठायत?"

"चुलीत."

"चुलीत?"

"कालपर्यंत पुरली. बरी पेटतात. थंडी कसली होती गेले चार दिवस!"

नेव्हिलनं चुलीकडे पाहिलं. ती मंद धगधगत होती. त्यानं खुर्चीची पाठ धरली.

"अगं वेडे, काय केलंस हे!" आता मात्र मऊपणा राहिला नाही. "सगळं त्यावर लिहिलं होतं! कुठलं नाणं कुठलं, ते आता ब्रह्मदेवालासुद्धा सांगता यायचं नाही! आणि ही घासलीस... व्हिनेगरमध्ये... तुला कुणी सांगितलं नाही का कधी? डेनिसनं एवढं..."

हेझेलनं घासणी खाली ठेवली. हातमोजे काढले, एक, मग दुसरा. मग ती वळली. ती रडून सुजलेली वगैरे नव्हती. ती संतापलेली होती.

"मला ठाऊक नाही, असं वाटतं तुला?" ती म्हणाली. "पंचेचाळीस वर्षं त्या माणसाबरोबर काढली मी. घरात चमचा नीट घासायची चोरी होती! एकदा एक पेनी मी नुसती एप्रनला पुसली, तर दोन दिवस बोलला नव्हता माझ्याशी. मला सगळं ठाऊक आहे, नेव्हिल. ठाऊक आहे म्हणूनच घासली."

नेव्हिलनं बादलीकडे बोट केलं.

"मुद्दाम?"

"मुद्दाम. एकेक करून. पाकीट वाचायचं, नाणं बादलीत, पाकीट चुलीत. चाळीस वर्षं वाचून काढली मी चार दिवसांत. माझ्या आईचं दफन झालं त्या दुपारी साडेतीनला हा फाशीच्या माळाच्या शेतात होता, सात इंच खोल, अर्धी पेनी. मला म्हणाला होता कारखान्यात बोलावलंय. माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. ते जाऊ दे. ते मी हसून सोडलं असतं. नाणी शोधणाऱ्याशी लग्न केलं तर एवढं चालायचंच."

तिनं एप्रनच्या खिशात हात घातला आणि पाकिटांचा एक छोटा गठ्ठा काढला. रबरबँड लावलेला. टेबलावर तिनं ती एकाखाली एक मांडली, पत्ते लावतात तशी. अकरा होती.

"ही जाळली नाहीत," ती म्हणाली. "वाच."

नेव्हिलनं चष्मा लावला. पहिल्यावर डेनिसचं बारीक, सरळ अक्षर. *बारा एकरी. ओकपासून ४० पावलं. ६ इंच. चांदीची पेनी. १८ नोव्हेंबर १९८९. १ वाजून ३२.* दुसरं, एक वाजून एकेचाळीस. तिसरं, एक पंचावन्न. तारीख त्यानं पुन्हा एकदा वाचली. शेवटच्यावर होतं, *३ वाजून ३५. उजेड कमी.*

अठरा नोव्हेंबर या दिवसाचं नाव या घरात कुणी घेत नसे. पण सगळ्यांना माहीत होता. हेझेल तेव्हा एकोणचाळीस वर्षांची. लग्नाला पंधरा वर्षं झालेली, आणि तेव्हा कुठं पहिल्यांदा दिवस राहिलेले. सातव्या महिन्यातच तिला कळा सुरू झाल्या, शेजाऱ्यानं इस्पितळात नेलं, दुपारी एकला मुलगा झाला. मूठभर होता. नर्सनंच त्याच्या कपाळाला पाणी लावून एडविन नाव ठेवलं. चारला पाच कमी असताना तो गेला. बाप पोचला साडेचारला.

"मला काय सांगितलं होतं त्यानं, तुला ठाऊक आहे?" हेझेलचा आवाज आता खाली आला होता, आणि तो ओरडण्यापेक्षा वाईट होता. "म्हणाला, निरोप मिळाल्याबरोबर निघालो, पण गेटपाशी गाडी चिखलात रुतली. ट्रॅक्टर आणून ओढावी लागली. दोन तास गेले. चिखलानं भरलेले हात दाखवले मला त्यानं. मी त्या हातांचे मुके घेतले, नेव्हिल! मीच त्याची समजूत घातली. तुझा काय दोष, म्हटलं, चिखलाला कोण काय करणार."

"हेझेल..."

"थांब. गेल्या आठवड्यात अंत्यविधीनंतर चहाला बारा एकरीच्या मालकीण मिसेस केरिसन आल्या होत्या. अठ्ठ्याऐंशीच्या झाल्यात, पण डोकं लख्ख आहे. माझा हात धरून म्हणाल्या, 'बाई, त्या दिवसाचं मला अजून वाईट वाटतं. इस्पितळाचा फोन एक दहाला आला. मी चुलीवरचं तसंच टाकून सायकलीनं बारा एकरीवर गेले आणि निरोप दिला. दहा मिनिटांत दिला. तरी पोराची भेट झाली नाही.' एक वीसला, नेव्हिल! आणि हे बघ. एक बत्तीस. एक एकेचाळीस. दोन सात. दोन एकोणीस. कुठाय चिखल? कुठाय ट्रॅक्टर? माझं बाळ तिकडे श्वास मोजत होतं आणि हा माणूस ओकच्या झाडापासून पावलं मोजत होता!"

नेव्हिल आता बसला. बसावंच लागलं.

"शनिवारी त्याची राख एडविनच्या शेजारी ठेवायची होती," हेझेल म्हणाली. कपाटावर लाकडाचं एक साधं खोकं होतं, तिकडे तिनं बोट दाखवलं, पण पाहिलं नाही. "थडग्याच्या दगडावर त्याच्या नावाला जागा सोडून ठेवली होती तीस वर्षं. सकाळी पाद्रीबाबांना फोन करून सांगितलं, नको. जिवंतपणी जायला जमलं नाही, मेल्यावर कशाला? त्याला बारा एकरीवर फेकून देणार आहे. तिथंच आवडत होतं ना त्याला."

मग ती त्याच्या समोर बसली. आता तिच्या डोळ्यांत संतापाच्या मागं दुसरंच काहीतरी होतं. तिला अजून आशा होती.

"तू होतास ना त्या दिवशी त्याच्याबरोबर?" तिनं विचारलं. "तू सांग. तुझ्या तोंडून ऐकू दे. गाडी रुतली होती का रे? थोडी तरी?"

भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले होते.

खरं सांगायचं तर नेव्हिल थर्टल हा काही वाईट माणूस नव्हता. गावात त्याला कुणी वाईट म्हणत नसे. लग्न केलं नाही, कुणाचं घेतलं नाही. पण त्या क्षणी त्याच्या मनात काय आलं ते ऐका. त्याच्या मनात आलं, की 'नाही' म्हटलं की झालं. 'नाही, रुतली नव्हती' हे तर खरंच होतं. एक शब्द खोटा नाही. डेनिस मेलाय, त्याला काय फरक पडतो. मी मात्र उद्याही या दारानं आत येऊ शकेन, रविवारी या टेबलावर जेवू शकेन. दुसरं घर आहेच कुठं मला?

कारण निरोप डेनिसला मिळालाच नव्हता. निरोप मिळाला होता नेव्हिलला.

डेनिस पार पलीकडे ओकच्या बाजूला होता, कानांवर यंत्राचे हेडफोन चढवून. नेव्हिल गेटजवळ. मिसेस केरिसन गेटवर सायकल टेकवून धापा टाकत म्हणाल्या, "अहो, डेनिसला सांगा, हेझेलला इस्पितळात नेलंय, लगेच या म्हणावं." "सांगतो," असं तो म्हणाला. त्या गेल्या. आणि त्याच वेळी त्याच्या पायाजवळ यंत्र गायला लागलं होतं. नांगरानं कुणाची तरी सातशे वर्षांपूर्वीची थैली फोडली होती आणि चांदीच्या पेन्या अख्ख्या शेतभर विखुरल्या होत्या. असा दिवस आयुष्यात एकदा येतो. दुसऱ्या दिवशी तिथं गहू पेरायचा होता. पेरलं की पीक निघेपर्यंत कुणालाही पाऊल टाकायची परवानगी नाही. आणि त्या महिन्यात हेझेलला दोनदा इस्पितळात नेऊन दोनदा परत पाठवलं होतं. नेव्हिल मनाशी म्हणाला, ही तिसरी खेप. एवढं एक काढतो आणि सांगतो. मग दुसरं एक. मग आणखी एक. उजेड गेला, यंत्र ठेवायची वेळ झाली, तेव्हा तो शेत ओलांडून डेनिसकडे गेला आणि म्हणाला, "अरे, निरोप आलाय."

आत्ताच आलाय, असं काही तो म्हणाला नाही. पण मघाशी आलाय, असंही म्हणाला नाही.

तीस वर्षं त्याला वाटत होतं की हे कुणालाही माहीत नाही. आणि आता त्या टेबलाशी बसल्या बसल्या, हेझेल तोंडाकडे बघत असताना, त्याच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. चिखलाची गोष्ट डेनिसनं का रचली? निरोप उशिरा मिळाला, एवढं म्हणणं पुरेसं होतं की! खरंच होतं ते. पण तसं म्हटलं असतं तर हेझेलनं विचारलं असतं, उशिरा का? कुणाकडे होता?

म्हणजे डेनिसला माहीत होतं. त्या संध्याकाळी गाडी चालवताना, चाळीस मिनिटं, त्यानं मनाशी हिशेब केला असणार. वजनकाट्यावरचा माणूस तो, वेळेचा पक्का. नंतर कधीतरी मिसेस केरिसनकडून खात्रीही करून घेतली असेल. बाळाला पुरल्यावर दोन आठवड्यांनी एका रविवारी डेनिस नेव्हिलच्या दारात येऊन उभा राहिला होता. त्याचा चेहरा असा होता की नेव्हिलला वाटलं, हा आता मारतो की काय. मग तो म्हणाला, "हेझेल म्हणते, तू एकटाच असतोस. जेवायला ये." तेव्हापासून दर रविवारी. आणि डेनिसनं बारा एकरीवर पुन्हा कधी पाऊल टाकलं नाही. "तिथलं संपलं सगळं," असं म्हणायचा.

"नेव्हिल? मी काहीतरी विचारलंय."

"रुतली नव्हती," तो म्हणाला.

हेझेलनं डोळे मिटले. मान हलवली. हात टेबलावरून उचलून ती उठायला लागली, तेवढ्यात तो जवळजवळ ओरडलाच, "थांब! ऐक. निरोप माझ्याकडे होता."

"काय?"

"मिसेस केरिसननी मला सांगितलं. गेटपाशी. डेनिस लांब होता, त्याला काही ऐकू गेलं नव्हतं. मी त्याला पावणेचारला सांगितलं. सांगितल्याबरोबर पळाला तो. यंत्र तसंच शेतात टाकून पळाला. नंतर मी उचलून आणलं ते."

हेझेल अर्धी उठलेली तशीच राहिली. चुलीत काहीतरी तडकलं.

"एक वीस ते पावणेचार," ती म्हणाली. शब्द एकेक करून आले. "तू काय करत होतास?"

"खणत होतो."

"खणत होतास."

"हो."

"किती सापडली?"

हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. "नऊ," तो म्हणाला.

"कुठायत?"

"विकली. त्याच हिवाळ्यात. नवं यंत्र घेतलं." आता खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं. "मी पाकिटं ठेवत नाही, हेझेल. मी कधीच काही लिहून ठेवलं नाही."

ती वाकली आणि तिनं त्याच्या थोबाडीत मारली. सत्तरीला आलेली बाई, पण चष्मा उडून ओट्याखाली गेला. नेव्हिल जागचा हलला नाही. आणखी एक मारली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं, पण तिनं मारली नाही.

"दर रविवारी," ती म्हणाली. "तीस वर्षं. भाजलेल्या मांसाचा चांगला तुकडा तुझ्या ताटात! मोजे विणले मी तुझ्यासाठी, गधड्या! आणि त्याला ठाऊक होतं?"

"हो. असणारच. मला आत्ता कळलं ते. देवाशपथ, आत्ता."

"आणि तो समोर बसून तुला बटाटे वाढायचा."

नेव्हिलला मान वर करवेना.

"मूर्ख," हेझेल म्हणाली, आणि हे नेव्हिलला नव्हतं. ती कपाटावरच्या खोक्याकडे बघत होती. "अरे मूर्खा, मला सांगायचं! मी याला घराबाहेर काढला असता, तुझ्या गळ्यात पडून रडले असते, दोघांनी मिळून शिव्या घातल्या असत्या याला. एकट्यानं कशाला गिळलंस? मित्र जाईल म्हणून? की मला आणखी एका माणसाचा राग करावा लागेल म्हणून? आता कुणाला विचारू मी?"

मग तिची नजर खाली आली, खोक्यावरून ओट्यावर, ओट्यावरून निळ्या घमेल्यावर. आणि नेव्हिलनं ते होताना पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "मी काय केलं हे!"

ती सिंककडे धावली. उघडे हात घमेल्यात खोल खुपसून तिनं ओंजळभर नाणी वर काढली आणि ती नेव्हिलपुढं धरली. कोपरांवरून पाणी गळत होतं.

"हे कुठलं? सांग ना. तू बरोबर असायचास. हे फाशीच्या माळावरचं ना? आणि हे? हे चर्चमागचं असेल. लिहू आपण. मी लिहिते, तू सांग. अर्धा तास आहे अजून."

नेव्हिलनं तिच्या हातातलं एक उचललं. गुळगुळीत तांबडी चकती. उलटून पाहिली. काही नव्हतं. दुसरं उचललं. तेही तसंच. चांदीच्या एका नाण्यावर घासणीचे ओरखडे आडवेतिडवे होते, त्याखाली मुकुटाचा एक तुकडा.

"नाही सांगता येत," तो म्हणाला. आता त्याच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायचं भानही त्याला नव्हतं. "हेझेल, नाही गं सांगता येत."

तिनं ओंजळ सोडली. नाणी फरशीवर खणखणत पडली, काही टेबलाखाली गेली. साडेअकराशे पाकिटांतली उरली होती ती टेबलावर मांडलेली अकरा. त्यांतली नाणी न घासलेली, अजून माती लागलेली. डेनिसच्या चाळीस वर्षांतलं आता तेवढंच काय ते खरं होतं.

अकरा वाजले. समोरच्या दारावर टकटक झाली तेव्हा दोघंही दचकले.

मिस प्रॉक्टर ही तिशीतली, चटपटीत बाई. हातात रिकाम्या पेट्या, तोंडात सांत्वनाचे दोन शब्द तयार. ते शब्द तिनं दारातच उच्चारले आणि हेझेलच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. घमेलं पाहिलं. बादली पाहिली. फरशीवर पसरलेली नाणी पाहिली. पेट्या तिच्या हातातून हळूच खाली टेकल्या.

"हे..." ती म्हणाली. "हे कुणी केलं?"

"मी," नेव्हिल म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. एक गाल लाल, डोळ्यांवर चष्मा नाही. "मी धुतली. पाकिटंही मीच जाळली. मला वाटलं, बरी दिसतील. म्हातारपणी अक्कल जाते माणसाची. हेझेलचा यात काही..."

"गप्प बस," हेझेल म्हणाली.

मिस प्रॉक्टर एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागली.

"खोटं बोलतोय तो. मी धुतली. मी जाळली. काय करते आहे ते कळत असताना केलं. माझं नाव लिहून घ्या हवं तर." मग ती नेव्हिलकडे वळली. "माझ्यासाठी खोटं बोलायचं नाही कुणी. एकानं बोलून झालंय, तेवढं पुरे. या घरात आता ते चालायचं नाही."

"पण काही तरी वाचलं असेल ना?" मिस प्रॉक्टरनं अगदी कळवळून विचारलं. तिची नजर टेबलावर गेली होती. "ती पाकिटं?"

हेझेलनं ती अकरा गोळा केली. घाई केली नाही. एकावर एक रचली, वेळेप्रमाणे, एक बत्तीसपासून तीन पस्तीसपर्यंत, आणि रबरबँड लावला.

"ही नाही मिळायची," ती म्हणाली. "ही एडविनच्या बापाची आहेत. त्याच्याबरोबर जातील."

मिस प्रॉक्टरला काही कळलं नाही, पण बाई शहाणी होती, तिनं विचारलं नाही. नेव्हिलनं मात्र झटकन मान वर केली.

"म्हणजे शनिवारी?" त्यानं विचारलं. "त्याला... बाळाशेजारी?"

"पाद्रीबाबांना आत्ता पुन्हा फोन करते." हेझेलनं गठ्ठा एप्रनच्या खिशात घातला. नेव्हिलकडे तिनं बघितलं ते शांतपणे, आणि तिच्या नजरेत माफी कुठंच नव्हती. "तू मागच्या दारानं जा. आणि रविवारी यायचं नाहीस. या रविवारी नाही, कुठल्याच रविवारी नाही."

"बरं."

तो बूट घालायला उंबऱ्यापाशी बसला. नाड्या बांधता येईनात. तसाच, सुटलेल्या नाड्यांनी, तो उठला आणि अंगणाच्या फाटकापर्यंत गेला. मागून तिनं हाक मारली.

"नेव्हिल!"

तो वळला. ती दारात उभी होती, एक हात एप्रनच्या खिशावर.

"शनिवारी नऊला चर्चच्या आवारात ये. खड्डा तू खणायचास. दुसऱ्या कुणाला ते काम सांगणार नाही मी."

त्यानं फाटक उघडलं.

"नऊला म्हणजे नऊला," हेझेल म्हणाली. "उशीर करू नकोस."